पिपच्या वाटणीचे ससे

डोरीन सगडेननं पेटीत हात घातला आणि हाताला ऊब लागली नाही. झालं एवढंच. पण कोपरापर्यंत आत गेलेला हात तसाच राहिला, काढायचं तिला सुचेना. नऊ दिवस ती रोज सकाळी चहाच्या आधी असा हात घालत आली होती, आणि रोज पेंढ्याच्या खळग्यात, सशिणीनं आपल्याच पोटाचे केस उपटून केलेल्या गादीखाली, आठ पिलांचा एकच गरम गोळा तिच्या बोटांना लागायचा. हात पोचायच्या आधी त्यांची धग पोचायची. आज नुसता पेंढा, आणि तोही गार. केसांची गादीसुद्धा नाही. पहिल्यांदा तिच्या मनात उंदीर आला, कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात रिकामी पेटी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा उंदीरच निघाला होता. पण उंदीर रक्त सांडतो, एखादं पिलू अर्धवट टाकून जातो. इथं सगळं स्वच्छ होतं, निगुतीनं उचलून नेल्यासारखं. आणि पिंजऱ्याची कडी लावलेली होती. उंदीर कडी लावून जात नाही. हे कळल्यावर मात्र हात बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर एक जुना, ओळखीचा संताप तळपायापासून वर चढत आला. असा संताप तिला कारखाना सोडल्यापासून आला नव्हता.

पिंजऱ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात करडी सशीण गवत चघळत बसली होती. तिची आचळं ताठली होती. डोरीननं नुसतं बोट लावलं तशी तिनं मागचा पाय फळीवर आपटला, एकदा, दोनदा. म्हणजे कालपासून पाजलेलं नाही. काल संध्याकाळी डोरीन दातांच्या डॉक्टरकडे अडकली होती, परतायला अंधार पडला, आणि तोंड बधिर असल्यामुळे ती तशीच अंथरुणात शिरली होती. त्या मधल्या वेळात कुणीतरी येऊन गेलं. येणं अवघड नव्हतंच. शेफील्डच्या या चढावरच्या घरांना मागं प्रत्येकाचं वेगळं अंगण नाही. चार घरांत मिळून एकच फरसबंद आवार, एक बोळ, चार मागची दारं. लहानपणी या आवारात कुणाच्या घरी काय शिजतंय हे चारही घरांना कळायचं आणि कुणी कुणाच्या वस्तूला हात लावायचं नाही. कुलूप हा शब्द तिच्या आईनं फक्त चर्चच्या दानपेटीच्या बाबतीत वापरलेला तिला आठवत होता.

बाजूच्या पिंजऱ्यात म्हातारी पिप आणि बाकीचे दोन फेरेट जागे झाले होते आणि तारेला नाकं लावून तिच्याकडे बघत होते. मुंगसासारखी लांबट, बिळात शिरण्यासाठीच घडवल्यासारखी ही जनावरं डोरीनच्या घरात तिच्या आधीपासून होती. तिच्या वडिलांचे फेरेट रविवारी टेकडीपलीकडच्या शेतांत जायचे. वडील बिळांच्या तोंडाला जाळी लावायचे, कोटाच्या आतून फेरेट काढून बिळात सोडायचे आणि ससे जाळ्यात येऊन पडायचे. सशाच्या मांड्या, पाठ घरातल्यांना, आणि डोकं, काळीज, पाय, केसांसकट, फेरेटांना. डोरीन दहा वर्षांची असताना सशांची साथ आली. त्या वर्षी वडील पहिल्यांदा रिकाम्या हातानं आले. नुसते आले नाहीत, मागच्या पायरीवर बसून राहिले. सगळ्या शेतभर ससे बसलेले आहेत म्हणाले, डोळे सुजून बंद झालेले, अगदी जवळ गेलं तरी हलत नाहीत. काठीनं मारत सुटलो, किती मारले मोजले नाहीत. तिनं वडिलांना रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडत नव्हते, पण त्यांनी बूट काढायला फार वेळ लावला. पुढच्या आठवड्यात त्यांनी खोक्यांच्या फळ्यांचा पिंजरा ठोकला आणि कुठूनतरी एक करडी मादी आणि एक पांढरा नर आणला. शेतावरचं आता माझ्या जनावरांच्या तोंडात घालायचं नाही, म्हणाले. जे घालायचं ते माझ्या नजरेखाली वाढलेलं. तेव्हापासून या आवारात ससे होते. ही करडी त्याच घराण्यातली. कितवी, ते डोरीनला सांगता आलं नसतं.

बोळातून खोकल्याचा आवाज आधी आला आणि हॉरेस मागाहून. हॉरेस ऐंशी पार केलेला, वरच्या गल्लीत राहणारा, स्वतःचे फेरेट मेल्यावर दर मंगळवारी डोरीनच्या फेरेटांना बघायला आणि सशांना कोबीची पानं द्यायला येणारा.

"काय गं, चेहरा असा का? कुणी मेलं की कुणी जिवंत झालं?"

"पिलं गेली. आठही."

"उंदीर."

"कडी लावून?"

हॉरेसनं वाकून कडी बघितली, टोपी मागं सरकवली. "मग पोलिसांत जा. सांग त्यांना, आमच्या फेरेटांचं जेवण चोरीला गेलं. मोठा साहेब येईल, ठसे घेईल. पिपची जबानी घेतील."

"हसू नकोस हॉरेस. अंगाची आग होतीय माझ्या."

"हसत नाही गं बाई, खोकतोय." त्यानं कोबीची पिशवी भिंतीवर ठेवली. मग उगाच पिशवीची गाठ सोडत म्हणाला, "तुझी ती शेजारीण काल औषधाच्या दुकानात होती. माझ्या पुढंच उभी. डोळ्यांत औषध घालायची नळी मागत होती. म्हटलं, डोळे आले असतील पोरीचे."

टॅमसिन. दोन वर्षांपूर्वी मधल्या घरात राहायला आलेली, इंग्लंडच्या दक्षिणेकडची, मऊ बोलणारी, घरातूनच संगणकावर काहीतरी काम करणारी मुलगी. वाईट नव्हती. बर्फ पडलं की मीठ टाकून डोरीनच्या दारापुढचंही साफ करायची. नाताळात वांग्याचं काहीतरी करून आणून दिलं होतं तिनं. मांस खात नाही, पण मांजर पाळते, आणि त्या मांजराला पाकिटातून कोंबडी पिळून घालते. ती कोंबडी कुठल्या शेडमध्ये, कुणाच्या हातून, उलटी टांगून मेली, ते पाकिटावर छापलेलं नसतं. पाकिटावर हसरं मांजर असतं. डोरीन कधी बोलली नव्हती. ज्याचं त्यानं बघावं. पण आता ते हसरं मांजर तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिला वाटलं, त्याच्या तोंडात मारावी. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं, जे यायला नको होतं. शुक्रवारी टॅमसिन पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "मिसेस सगडेन, ती आई पिलांकडे जातच नाही हो." शनिवारी पुन्हा. रविवारी पुन्हा, आवाज जरा पातळ करून: "मी दिवसभर खिडकीतून बघतेय, एकदासुद्धा गेली नाही." डोरीन तिन्ही वेळा "हं" म्हणाली होती. एकदा तर तेही नाही, नुसती मान. कारण काय सांगायचं? सशीण दिवसातून एकदाच पाजते, उजाडताना नाहीतर मावळताना, दोन-तीन मिनिटं, आणि उरलेला दिवस पेटीकडे ढुंकून बघत नाही, हे सांगायची गोष्ट आहे? पाऊस वरून खाली पडतो हे कुणी सांगतं का कुणाला? हे आठवून तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. आपल्या बाजूलाही थोडं चुकलंय असं दिसलं की राग असाच होतो. त्याला धरायला जागा राहत नाही.

तिनं टॅमसिनच्या दारावर मूठ आपटली. दार लगेच उघडलं, जणू पोरगी दाराशीच उभी होती. तिचे डोळे खरंच आलेले असावेत इतके लाल होते.

"मी तुम्हाला सांगणारच होते—"

"कुठायत?"

स्वयंपाकघरात चुलीशेजारी बुटांचं खोकं होतं, त्यात लोकरीची टोपी, टोपीत पिलं. टेबलावर बशीत दूध, ती नळी, आणि एक कागद. कागदावर आठ नावं लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढं वेळा. डोरीननं नावं वाचली नाहीत. वाचली असती तरी डोक्यात शिरली नसती. तिच्या घरात फेरेटांना नावं असतात, सशांना नसतात. त्यात निर्दयपणा नव्हता, उलट तो एक प्रकारचा आदरच होता. ज्याला आपण खाऊ घालणार आहोत त्याला आपल्या लाडाचा भार द्यायचा नाही. तिनं टोपी उलगडली. सहा हलत होती, पण त्यांची पोटं ढोलासारखी फुगून एका बाजूला कललेली, आणि अंगाला हात लावला तर ऊब वरवरची, चुलीची. आतली नाही. दोन हलत नव्हती.

"ती झोपलीयत," टॅमसिन म्हणाली.

"मेलीयत."

"नाही हो. चार वाजता पाजलं मी त्यांना. दर दोन तासांनी उठून पाजलंय, रात्रभर."

"काय पाजलंस?"

"मांजराच्या पिलांचं दूध. डब्यातलं, चांगलं—"

"आठांना तू मारायला काढलंस, त्यातली दोन मेली," डोरीन म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तो चढत नाही याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. "बाळ, तुला कुणी सांगितलं होतं हे?"

टॅमसिन रडायला लागली. रडताना बोलायची सवय असलेल्या मुलींपैकी ती होती. "तुम्ही क्रूर आहात असं मी कधी म्हटलं नाही. माझी मैत्रीण म्हणाली, पण मी नाही म्हटलं तिला. मला वाटलं, तुम्हाला जमत नसेल. लक्ष द्यायला. एकट्या, या वयात..."

या वयात. क्रूर म्हटलं असतं तर चाललं असतं. क्रूर हा समोरासमोर फेकलेला शब्द असतो, तो परत फेकता येतो. पण हे असं कुणीतरी खिडकीतून तीन दिवस आपल्याकडे बघतंय आणि ठरवतंय, की या म्हातारीच्या हातून आता सशाचं पिलूसुद्धा सांभाळलं जात नाही! वयाच्या पंधराव्या वर्षापासून डोरीननं चमच्यांना, सुऱ्यांना झिलई द्यायच्या कारखान्यात काम केलं होतं. पायांना खाकी कागद गुंडाळून, डोक्याला लाल फडकं बांधून, दिवसभर फिरत्या चाकापुढं उभं राहून. संध्याकाळी थुंकलं तर काळं यायचं. घरी येऊन त्याच हातांनी ती सशांचं गवत बदलायची. लग्न झालं तेव्हा तिचा नवरा विल्फ चांगला भरदार माणूस, पण ससा मारायची वेळ आली की घरात जाऊन रेडिओ मोठा लावायचा. मारत डोरीनच होती. मांडीवर घ्यायचा, कानामागं हात ठेवायचा, आणि त्याला कळायच्या आत. हात कधी थरथरला तर त्या दिवशी नाही, उद्या, हा वडिलांचा नियम. आजवर उद्यावर टाकायची वेळ तिच्यावर दोनदा आली होती. एकदा आई गेली तेव्हा, एकदा विल्फ. आणि ही पोरगी म्हणते या वयात.

"ती दिवसातून एकदा पाजते," डोरीन म्हणाली. "एकदाच. बाकीचा वेळ लांब बसते, म्हणजे कोल्ह्याला पेटीचा सुगावा लागू नये. सगळ्या सशिणी अशाच."

टॅमसिननं नाक पुसलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

डोरीनला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. तिनं खोकं उचललं आणि निघाली. मागून टॅमसिन, पायात नुसते मोजे घालून, ओल्या फरशीवरून.

पेटीत नवा पेंढा घालावा लागला. डोरीननं सशिणीच्या कोपऱ्यातला, तिच्या मुताचा वास असलेला पेंढा मूठभर काढला आणि एकेक पिलू त्यात घोळलं, पाठीवरून, पोटावरून, तोंडावरून. चुलीचा, लोकरीचा, डब्यातल्या दुधाचा वास जाईपर्यंत. हॉरेस भिंतीला टेकून बघत होता. त्यानं टॅमसिनकडे बघून टोपीला हात लावला, आणि मग म्हणाला, "पोरी, आत जा, मोजे भिजले. निमोनिया झाला तर डोरीन तुलाही पेंढ्यात घोळेल." टॅमसिन हसली नाही, पण आत गेली. डोरीनला त्याचाही राग आला. हॉरेसला हे असं सहज जमतं, चार शब्द टाकून माणसाला मोकळं करणं. आयुष्यभर जमत आलंय. तिच्या तोंडून मात्र जे निघतं ते मोजून, आणि उशिरा.

"घेईल का ती?" हॉरेसनं विचारलं.

"संध्याकाळी कळेल."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर सहाही पिपला."

दुपारी तिनं ती दोन पिलं पिपला घातली. पिप सगळ्यात म्हातारी, दात झिजलेली, थंडीत मागचे पाय ओढत चालणारी. गेल्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरनं तिला कोरडे दाणे सुचवले होते, त्यात सगळं काही असतं म्हणाला. पिपनं दाणे हुंगले आणि त्यांच्यावर पाय ठेवून निघून गेली होती. कोवळं पिलू मात्र तिला चावता येत होतं, हाडं काकडीसारखी. डोरीन तिथंच बसून राहिली, ते खाणं ऐकत. खरं तर याच आठांवर पिपचा येता उन्हाळा अवलंबून होता; याआधीची पिलावळ दोनच निघाली होती, आणि करडीही आता फार वेळा विणार नव्हती. तिला आठवलं, लहानपणी तिला हे खाणं ऐकायला आवडायचं, आणि आवडतं म्हणून ती घाबरायची. एकदा तिनं आईला विचारलं होतं, मी वाईट आहे का? आई बटाटे सोलत होती. म्हणाली, भुकेलं जनावर खातंय ते ऐकून ज्याला बरं वाटत नाही, तो माणूस मला बघायचाय. आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला, डुबुक. ते दुपारचं स्वयंपाकघर, खिडकीवरची काजळी, आईच्या कोपराला लागलेली माती, सगळं इतकं जवळ आलं, की समोरची फरसबंदी क्षणभर दूरची वाटली, दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची. आज आई असती आणि टॅमसिननं तिला विचारलं असतं, तर आईनं उत्तर दिलं असतं. "हं" म्हटलं नसतं.

साडेपाचला उजेड पिवळा झाला. डोरीन मागच्या पायरीवर शाल घेऊन बसली. थोड्या वेळानं मधलं दार उघडलं आणि टॅमसिन आली, हातात दोन कप चहा. एक डोरीनच्या बाजूला ठेवला आणि आपण एक पायरी खाली बसली. चहा पाणचट होता. डोरीन प्यायली. सशीण पिंजऱ्यात येरझारा घालत होती, पेटीपाशी जायची, नाक आत घालायची, मागं यायची. एकदा तिनं पाय आपटला. टॅमसिननं श्वास धरला होता, डोरीनला तो धरलेला ऐकू येत होता, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही धरलाय. हसू येण्यासारखं होतं. जी सहा पिलं बारा आठवड्यांनी आपल्याच हातानं मारायची, त्यांनी आज जगावं म्हणून आपण मुठी वळून बसलोय. पण तिला हसू आलं नाही, कारण यात विसंगत असं तिला काही दिसत नव्हतं. विसंगती दिसायला बाहेर उभं राहावं लागतं. ती सत्तर वर्षं आत उभी होती. आणि आता तिला कुणीतरी बाहेर ओढत होतं, समजावून सांगा म्हणत होतं, एक पायरी खाली बसून, पाणचट चहा देऊन. संताप येत होता तो याचाच.

सशिणीनं पेटीत उडी मारली.

एकदम, काही न सांगता. पेटीच्या कडेवर तिचे कान दिसत होते, ताठ, न हलणारे. आतून बारीक चुरचुर झाली, पिलं पेंढ्यातून वर येत असल्याची. डोरीननं मनाशी मोजायला सुरुवात केली. दीडशेला सशीण बाहेर आली, पाय झटकले, आणि लांबच्या कोपऱ्यात जाऊन गवत खायला लागली, जणू पेटीशी तिचा काही संबंध नाही.

"झालं?" टॅमसिन कुजबुजली. "एवढंच?"

"एवढंच."

डोरीन उठली, हात घातला. सहा. पोटं भरलेली, तुकतुकीत, आणि आतून गरम. तिनं टॅमसिनला मानेनं बोलावलं. टॅमसिननं हात घातला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं, मग ती रडायला लागली, पण सकाळसारखं नाही. रडत रडत तिनं विचारलं, "आणि ती दोन? तुम्ही पुरलीत ना त्यांना? मला माझ्या हातानं पुरायची होती. निदान कुठं आहेत ते तरी दाखवा."

"पुरली," डोरीन म्हणाली. "बोळाच्या टोकाला."

कसं तोंडातून गेलं, तिला कळलं नाही. टॅमसिननं तिच्या गळ्यात हात टाकले. तिच्या केसांना साबणाचा वास होता. "तुम्ही किती चांगल्या आहात," ती म्हणाली, "मला माहीत होतं, आतून तुम्ही किती चांगल्या आहात." आणि कप उचलून, नाक पुसत, आपल्या घरात गेली.

डोरीन आवारात उभी राहिली. आतून चांगल्या. म्हणजे बाहेरचं जे आहे ते, रोजचं गवत, पेंढा, मांडीवरचा ससा, कानामागचा हात, ते सगळं वाईट, आणि त्याच्या आत कुठंतरी ही पोरगी म्हणते ती म्हातारी, पिलं पुरणारी. कालपासून हिनं आठ पिलं नेली, दोन मारली, म्हातारपण काढलं, त्या सगळ्याचा मिळून आला नव्हता इतका राग तिला आता आला, आणि त्यातला टॅमसिनवरचा थोडाच होता. या आवारात आजवर ससे मारले गेले, सोलले गेले, खाल्ले गेले, पण त्याबद्दल कुणी खोटं बोललं नव्हतं. वडील नाहीत, विल्फ नाही. तोसुद्धा रेडिओ मोठा लावायचा, पण विचारलं तर सांगायचा, डोरीन ससा मारतीय. आणि तिनं दीडशे अंक मोजेपर्यंतच्या सोबतीसाठी, पाणचट चहासाठी, एका गळामिठीसाठी पिपच्या तोंडातला घास लपवला.

तिनं शाल खांद्यावर घट्ट ओढली आणि पुन्हा टॅमसिनच्या दारावर मूठ आपटली. दार उघडलं. टॅमसिनच्या हातात मांजराचं पाकीट होतं, अर्धं पिळलेलं.

"पुरली नाहीत मी," डोरीन म्हणाली. "खोटं बोलले. पिपला घातली. दोन्ही खाल्ली तिनं, केसांसकट, आणि चांगली झोपलीय. ही सहाही तिच्याच वाटणीची आहेत. आता तुला सकाळी यायचं असलं तर ये, सात वाजता हात घालते मी पेटीत. नसलं यायचं तर नको येऊस. पण माझ्या तोंडावर सांग."

टॅमसिनचा चेहरा पांढरा झाला. तिनं दाराच्या कडेला हात लावला, लोटण्यासाठी की धरण्यासाठी, ते डोरीनला कळलं नाही. आत मांजर ओरडत होतं. डोरीन पायरीवरून हलली नाही.